ढग फाटतील तिकडे

उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोमध्ये हिवाळ्यात भेटणारा प्रत्येक माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ढगांवर येतो. विमानतळावरून शहरात नेणाऱ्या बसचा चालक, हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी, शेजारच्या टेबलावर सूप पिणारं जर्मन जोडपं, सगळे. आज किनाऱ्यावर काही खरं नाही. दक्षिणेकडे रात्री उघडेल म्हणतात. फिनलंडची हद्द गाठलीत तर बघा. नॉर्दर्न लाइट्स, म्हणजेच अरोरा किंवा ध्रुवीय प्रकाश, बघायला जगभरातून जमलेल्या या गर्दीत सौरवादळाची चर्चा कमी आणि ढगांचे नकाशे उघडलेले मोबाइल जास्त.

आणि ते बरोबरच आहे. ध्रुवीय प्रकाश जमिनीपासून साधारण 100 किलोमीटरवर सुरू होतो आणि तिथून आणखी दोन-तीनशे किलोमीटर वर चढतो. ढग मात्र दहा किलोमीटरच्या आतबाहेर. ते आले की पडदा पडला. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती, ध्रुवापासून बरंच अंतर राखून, या प्रकाशाचं एक कडं असतं. सूर्य शांत असला तरी ते पुरतं विझत नाही. उत्तर नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडचा वरचा भाग, आइसलंड, उत्तर कॅनडा, अलास्का हे सगळे त्या कड्याखाली किंवा त्याच्या काठावर येतात. त्यामुळे ट्रोम्सोच्या डोक्यावर बहुतेक रोज रात्री काही ना काही पेटलेलं असतंच. आपल्या डोळ्यांपर्यंत ते पोचतं की नाही, एवढाच प्रश्न असतो. मध्ये येणाऱ्या गोष्टी एकेक करून बाजूला सारायच्या, यापलीकडे या सहलीत दुसरं काही नाही, असं माझं मत तिथे राहून झालं.

ढगांचं खापर समुद्रावर फोडावं लागतं. ट्रोम्सो 69 अंश 39 मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही साडेतीनशे किलोमीटर वर. तरीही जानेवारीत इथलं सरासरी तापमान उणे चारच्या आसपास असतं. सायबेरियातलं व्हर्खोयान्स्क याहून थोडं दक्षिणेलाच आहे आणि तिथे तोच महिना उणे चाळिशीच्या पलीकडे जातो. हा फरक अटलांटिकमधून वर येणाऱ्या उबदार प्रवाहाचा. त्यानं नॉर्वेची बंदरं हिवाळ्यातही गोठत नाहीत, आर्क्टिकमध्ये सत्तरेक हजार वस्तीचं, विद्यापीठ असलेलं शहर उभं राहतं, आणि पर्यटकाला उणे तिशीत न कुडकुडता ध्रुवीय प्रकाश बघायची सोय होते. पण ऊब आणि दमट हवा एकत्रच येतात. डोंगराला अडून तीच हवा बर्फ पाडते, ढग धरते. सोय आणि अडचण एकाच समुद्रातून निघालेली.

माझ्याबरोबर ताई होती. ती बँकेतून निवृत्त झालेली, त्यामुळे प्रत्येक खर्चाला परतावा काय, हे विचारायची सवय अजून गेलेली नाही. तारखा तिनंच ठरवल्या, त्याही कालनिर्णय बघून. चंद्राचा उजेड फिका प्रकाश खाऊन टाकतो, म्हणून अमावास्येच्या आजूबाजूला जायचं, एवढाच तिचा हिशेब. प्रत्यक्षात तो तिला वाटला त्यापेक्षा पक्का निघाला. डिसेंबर-जानेवारीत या अक्षांशावर चंद्राचं वागणं आपल्याकडच्यासारखं नसतं. पौर्णिमेच्या सुमाराला तो चोवीस तास क्षितिजावरच गोल फिरत राहतो, मावळतच नाही. आणि अमावास्येच्या सुमाराला सूर्याच्या संगतीनं तोही कित्येक दिवस उगवत नाही. एवढा काळोख सह्याद्रीतल्या कुठल्याही गडावर मिळणार नाही.

दिवसाची गोष्ट मात्र वेगळी. ‘पोलर नाइट’ म्हटलं की चोवीस तास मिट्ट अंधार, अशी आपली समजूत असते. ट्रोम्सोला 27 नोव्हेंबरच्या सुमारापासून 15 जानेवारीपर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही, हे खरं. पण ऐन डिसेंबरात, 21 तारखेलाही, दुपारी बारा वाजता तो क्षितिजाखाली जेमतेम तीन अंश असतो. त्यामुळे सकाळी नऊ-साडेनऊपासून दुपारी दोन-अडीचपर्यंत आपल्याकडे सूर्योदयाआधी पंधरा-वीस मिनिटं असतो तसला उजेड रेंगाळत राहतो. वर निळा, दक्षिणेला क्षितिजावर गुलाबी-केशरी. बर्फाचे डोंगर तो उजेड परत फेकतात, आणि गाव निळ्या शाईत बुडवल्यासारखं दिसतं. दिवे लागलेलेच असतात. लहान मुलं अंगावर चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घालून शाळेत जातात, आया बाबागाड्या घेऊन बाहेर पडतात, काही बाबागाड्यांना खाली चाकांऐवजी पट्ट्या लावलेल्या असतात. उदास वगैरे कुणी दिसलं नाही. सूर्य परत येतो तो दिवस इथे 21 जानेवारीला साजरा होतो. तारखेनं तो 15 तारखेलाच यायला हवा, पण मधले डोंगर ओलांडून शहराला तोंड दाखवायला त्याला आणखी काही दिवस लागतात. त्या दिवशी जॅम भरलेले तळलेले गोल पाव खायचे, असा रिवाज आहे. बेकऱ्यांनी ते आधीपासूनच मांडून ठेवले होते, म्हणून आम्हीही खाल्ले.

त्या निळ्या दुपारी मराठी माणसाला टिळक आठवणं अटळ आहे. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे लोकमान्यांचं पुस्तक 1903 सालचं. ऋग्वेदातल्या उषेच्या सूक्तांमध्ये इतकी लांबलचक पहाट वर्णिली आहे की ती रचणाऱ्यांचे पूर्वज ध्रुवप्रदेशात राहिले असले पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद. इतिहासकारांनी तो मानला नाही आणि आज तो कुणी गंभीरपणे मांडतही नाही. पण त्यातलं खगोलशास्त्र चोख आहे. ध्रुवाजवळ पहाट खरोखरच आठवडेच्या आठवडे चालते. पुण्यात बसून, उत्तर ध्रुवाच्या आसपासही न फिरकता, टिळकांनी ती गणितानं उभी केली होती. ट्रोम्सोला ती महिनाभराची उषा नाही, त्यासाठी आणखी बरंच वर जावं लागेल. इथे पहाट आणि संध्याकाळ मध्ये दिवस न ठेवता एकमेकींना चिकटतात, एवढंच. ताई म्हणाली, ‘म्हणजे ठेव नाही, नुसतं व्याज.’

संध्याकाळी सहाच्या सुमाराला शहराच्या मध्यभागी बसगाड्यांची रांग लागते. ट्रोम्सोत आता हा फार मोठा धंदा झाला आहे आणि त्याची गर्दी कधीकधी अंगावर येते. मोठी बस स्वस्त पडते, पण ती ठरलेल्या एक-दोन जागांच्या पलीकडे जायला नाखूश असते, आणि पन्नास माणसं एकदम उतरली की पन्नास मोबाइलचे दिवे लागतात. लहान व्हॅनमध्ये सात-आठ माणसं असतात आणि चालवणारा, म्हणजेच गाइड, ढग फाटतील तिकडे गाडी वळवतो. माणशी दीड-दोन हजार नॉर्वेजियन क्रोनर, आपले बारा-पंधरा हजार रुपये किंवा त्याहून जास्त. महाग आहेच. पण एका रात्रीसाठी पैसे कुठे घालावेत असं कुणी विचारलं, तर मी यातच म्हणेन. काचेच्या इग्लूत झोपून गादीवरूनच दिवे बघायची जी जाहिरात असते तिच्यात माझ्या मते मेख आहे. इग्लूला चाकं नसतात. वर ढग बसले तर तुम्ही भरमसाट भाडं भरून ढगांखाली झोपता.

आमचा गाइड दक्षिण स्पेनमधला तरुण होता. उन्हाच्या देशातून येऊन या अंधारात तो हिवाळे काढत होता. निघण्याआधी त्यानं तीन वेगवेगळ्या हवामान-अंदाजांचे ढगनकाशे एकावर एक ताडून बघितले आणि सांगितलं, पश्चिमेची बेटं सोडून द्या, आपण आत जाऊ. आत म्हणजे ई-8 या महामार्गानं आग्नेयेला. रस्ता फियॉर्डचा काठ धरून नूर्कयोसबोटनपर्यंत जातो, तिथून डोंगराला वळसा घालून शिबोतनला. टायरांना धातूचे खिळे ठोकलेले, त्यामुळे बर्फावर गाडी करकरत पण न घसरता चालते. शिबोतनचं नाव इथल्या प्रत्येक गाइडच्या तोंडी असतं. समुद्र आणि हे खोरं यांच्यामध्ये लिंगेनचे डोंगर उभे आहेत, त्यांतलं सर्वांत उंच शिखर 1,800 मीटरच्या वर. समुद्रावरचे ढग त्यांच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात आणि पलीकडे कोरडं आकाश उरतं. महाबळेश्वर आणि वाई यांच्या पावसात जो फरक आहे त्याचीच ही बर्फातली आवृत्ती. ट्रोम्सो विद्यापीठानं आपली वेधशाळा याच खोऱ्यात उभारली, यावरून काय ते समजावं.

त्या रात्री शिबोतनलाही पातळ ढग होते. गाइड थांबला, खाली उतरून मान वर करून बघितलं आणि परत गाडीत बसला. रस्ता चढत गेला, झाडं खुरटी झाली, मध्येच रेनडिअरचा एक कळप रस्त्याच्या कडेला निवांत उभा होता. फिनलंडच्या हद्दीवर कुणी अडवत नाही, पण पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. हद्द ओलांडली आणि सगळ्यांच्या मोबाइलमधली घड्याळं एक तास पुढे गेली. किल्पिसयार्वी हे पलीकडचं गाव. ट्रोम्सोहून निघताना उणे तीन होतं, इथे गाडीच्या काट्यावर उणे बावीस. दार उघडलं तेव्हा नाकातले केस ताठ झाल्याचं कळलं. आणि वर एकही ढग नव्हता.

थंडीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण आपल्याकडून जाणारे लोक जाकिटावर सगळे पैसे घालतात आणि पायांना विसरतात. जाकीट, किंबहुना अख्खा जाडजूड सूट, बहुतेक टूरवाले देतात. आपण न्यायचा तो आतला थर, आणि तो लोकरीचा. सुती बनियन घामानं ओला झाला की गारठा त्यातूनच शिरतो. बूट एक नंबर मोठे घ्यावेत. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर मधली हवा जाते, आणि ऊब तीच हवा धरून ठेवत असते. चालताना थंडी वाजत नाही. उभं राहिल्यावर वाजते, आणि इथे उभं राहण्याचंच काम आहे. मोबाइलची बॅटरी बाहेर काढल्यावर बघता बघता उतरते. तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचा. गाइडनं शेकोटी पेटवली, गरम चॉकलेट दिलं. सूप माशाचं होतं, ताईनं पिशवीतून दशम्या काढल्या.

शेकोटीकडे बघायचं नाही, मोबाइल बंद, असं गाइडनं सांगितलं. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक झळझळीत पडदा ती सगळी कमाई क्षणात घालवतो. आम्ही उत्तरेकडे तोंड करून उभ्या होतो. बऱ्याच वेळानं क्षितिजाच्या वर एक करडा पट्टा दिसला. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत कमानीसारखा ताणलेला, फिकट, दुधट.

‘झालं,’ ताई म्हणाली, ‘आला ढग.’

गाइड हसला. त्यानं विचारलं, त्या पट्ट्यातून तारे दिसतात का? नीट बघितलं तर दिसत होते. ढग तारे झाकतो, हा झाकत नव्हता. मग त्यानं तिपाईवर कॅमेरा लावला, आठ सेकंद उघडा ठेवला आणि पडद्यावरचं चित्र दाखवलं. हिरवागार पट्टा.

हा क्षण प्रत्येकाला येतो आणि पुष्कळांची त्यात निराशा होते. मासिकांतले, मोबाइलवर फिरणारे ते झगमगीत फोटो खोटे नसतात, पण ते कॅमेऱ्याचे असतात. कॅमेरा कित्येक सेकंदांचा उजेड साठवून एका चित्रात ओततो. डोळ्याला ते जमत नाही. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, म्हणून फिका अरोरा राखाडी दिसतो. उजेड पुरेसा वाढला की रंग ओळखणाऱ्या पेशी जाग्या होतात, आणि त्यातही पहिला नंबर हिरव्याचा. लाल बहुधा कॅमेऱ्यालाच दिसतो. जाणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगितलं पाहिजे, असं मला प्रकर्षानं वाटतं. टूर विकणारे सांगत नाहीत. पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती पुढच्या तासाभरात आम्हाला कळली. कॅमेऱ्याला रंग मिळतात, हालचाल मिळत नाही.

कमान हळूहळू वर सरकत आमच्याकडे आली. तिची खालची कड धारदार झाली, करड्यात हिरवा उतरला. मग पूर्वेकडे कुठेतरी ती जोरात उजळली, आणि तो उजेड पट्ट्यातून पश्चिमेकडे धावत सुटला. पट्ट्याला चुण्या पडल्या, एकाचे तीन झाले, त्यांच्यातून उभे किरण निघून बाजूबाजूला सरकू लागले. बर्फावर आमच्या पुसट सावल्या पडल्या. खालच्या कडेला गुलाबी झालर क्षणभर दिसायची आणि पळून जायची. शेवटी तो सगळा प्रकार थेट डोक्यावर आला, आणि तिथे एका बिंदूतून चहूबाजूंना किरण फुटले. खरं तर ते किरण एकमेकांना समांतर असतात. ते चुंबकीय बलरेषांच्या दिशेनं उभे असतात आणि आपण त्यांच्या बरोबर खाली असल्यामुळे, लांब जाणारे रेल्वेचे रूळ मिळाल्यासारखे वाटतात तसे, ते वर एका ठिकाणी मिळाल्यासारखे दिसतात. हे मला आधी वाचून माहीत होतं. तरी मी मान मोडेपर्यंत वर बघत राहिले आणि आमच्यातली एक बाई मोठमोठ्यानं हसायला लागली होती. काही मिनिटांतच सगळं विस्कटलं. उरले ते फिकट ठिपके, काही सेकंदांच्या अंतरानं उघडमीट करणारे, आकाशभर.

हा क्रम ठरलेला असतो. शांत कमान, अचानक स्फोट, मग विस्कटणं. स्यून-इची आकासोफू या जपानी-अमेरिकन शास्त्रज्ञानं जगभरच्या आकाशाची छायाचित्रं ताडून 1964 मध्ये तो पहिल्यांदा नीट मांडला. एका रात्रीत तो दोन-तीनदाही होऊ शकतो. म्हणून पहिल्या कमानीचे फोटो काढून गाडीत जाऊन बसणाऱ्यांची मला कीव येते.

हे घडतं कसं, याची शाळेत सांगितलेली गोष्ट अर्धीच आहे. सूर्याकडून कण येतात, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवतं, ते हवेवर आदळतात आणि उजेड पडतो, अशी ती गोष्ट. सूर्याकडून सेकंदाला साधारण 400 किलोमीटर वेगानं वारा येतो, हे खरं. पृथ्वी गाठायला त्याला चारेक दिवस लागतात. पण तो बहुतांशी पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला वळसा घालून निघून जातो. जाताना ते कवच मागे, रात्रीच्या बाजूला, लांब शेपटीसारखं ओढतो आणि त्या शेपटीत ऊर्जा साठत जाते. साठा फार ताणला की बलरेषा तुटून नव्यानं जुळतात, आणि त्या झटक्यानं इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या दिशेनं फेकले जातात. आम्ही उत्तरेकडे तोंड करून जे बघत होतो ते सूर्यावरून थेट आलेलं नव्हतं. ते पृथ्वीच्या मागच्या अंगणातून परत आलेलं होतं.

रंग ठरवते ती हवा. 100 ते 200 किलोमीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजनचे अणू हिरवा प्रकाश देतात. त्याच्या वर, विरळ हवेत, तोच ऑक्सिजन लाल होतो. लाल प्रकाश सोडायला चेतवलेल्या अणूला जवळजवळ दोन मिनिटं लागतात, हिरव्याला एक सेकंदही लागत नाही. खालच्या दाट हवेत दोन मिनिटं त्याला कुणी स्वस्थ बसू देत नाही, कुठला तरी दुसरा अणू येऊन धडकतोच आणि ऊर्जा हिरावून नेतो. ती गुलाबी झालर नायट्रोजनची. फार जोरदार इलेक्ट्रॉनच 100 किलोमीटरच्या खाली उतरू शकतात, म्हणून ती क्षणभरच दिसते.

ही उंची माणसानं पृथ्वीवर उभं राहून मोजली, याचं मला अग्निबाणांपेक्षा जास्त कौतुक आहे. कार्ल श्टर्मर या नॉर्वेजियन गणितज्ञानं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उत्तर नॉर्वेतल्या आल्टाजवळ काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे ठेवले, दोन्हीकडची माणसं टेलिफोननं जोडली, आणि ‘आता’ म्हणताच दोघांनी एकाच क्षणी फोटो काढायचे असं ठरवलं. दोन फोटोंत मागचे तारे तेच, पण अरोरा सरकलेला. त्या सरकण्यावरून त्रिकोणमितीनं उंची निघते.

त्याच आल्टाजवळ, हाल्डे डोंगराच्या 900 मीटर उंच माथ्यावर, क्रिस्तियान बिर्केलांड यांनी 1899 मध्ये वेधशाळा बांधली. वारा दगडी भिंती हादरवायचा. त्या मोहिमेतला त्यांचा एक तरुण सहकारी हिमप्रपातात गेला. नंतर बिर्केलांड यांनी प्रयोगशाळेत निर्वात पेटीत एक चुंबकीय गोळा टांगला, त्याच्यावर इलेक्ट्रॉन सोडले आणि गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती उजेडाची कडी उमटवून दाखवली. ध्रुवीय प्रकाश म्हणजे अवकाशातून बलरेषांवरून खाली येणारे विद्युतप्रवाह, असं ते सांगत राहिले. सिडनी चॅपमन यांच्यासारख्या ब्रिटिश दिग्गजांनी ते धुडकावलं. मध्यंतरी संशोधनाला पैसा हवा म्हणून बिर्केलांड यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून खत करण्याची रीत काढली, आणि नॉर्स्क हायड्रो ही कंपनी त्यातून उभी राहिली. 1917 साली, पन्नाशी गाठण्याआधीच, ते टोकियोत वारले. त्यांचे प्रवाह उपग्रहांना सापडायला 1960 चं दशक उजाडलं. नॉर्वेनं पुढे त्यांना 200 क्रोनरच्या नोटेवर बसवलं. ताईला खत आणि नोट, दोन्ही आवडलं.

गाइड स्वतः मात्र रात्रभर मोबाइलवर एकच आलेख बघत होता. मला वाटलं होतं तो केपी बघत असेल, कारण पर्यटकांच्या सगळ्या ॲप्समध्ये तोच आकडा मोठ्या अक्षरात असतो. त्यानं हात झटकला. केपी हा अख्ख्या पृथ्वीचा तीन तासांचा सरासरी आकडा. तो दक्षिणेकडे राहणाऱ्यांच्या कामाचा. ट्रोम्सो कड्याखालीच आहे, इथे केपी दोन असतानाही आकाश पेटतं. तो बघत होता सौरवाऱ्याबरोबर येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा. ती दक्षिणेकडे वळली की पृथ्वीच्या कवचाचं दार किलकिलं होतं. हे मोजणारी यानं सूर्याच्या बाजूला, पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरच्या एल-1 या बिंदूजवळ असतात. तिथून वारा इथे यायला तासभर लागतो, तेवढीच आगाऊ सूचना मिळते. इस्रोचं आदित्य-एल1 तिथेच आहे, 6 जानेवारी 2024 पासून, आणि त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेनं बांधलेली आहे. हे सांगितल्यावर गाडीतले लोक आमच्याकडे जरा आदरानं बघू लागले, आमचा त्यात काडीचाही हातभार नसताना.

कधी जावं? सप्टेंबर ते मार्च, एवढंच उत्तर खरं. उन्हाळ्यात तिथे रात्रच होत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये थंडी सुसह्य असते, शिवाय विषुवदिनांच्या आसपास चुंबकीय हालचाल थोडी जास्त असते. डिसेंबर-जानेवारीत अंधार सर्वांत मोठा, आणि ती निळी दुपार तेव्हाच मिळते. मी पुन्हा गेले तर मार्चमध्ये जाईन, पण जानेवारी पाहिल्याचं दुःख नाही. किमान चार-पाच रात्री हाताशी असाव्यात. एका रात्रीवर भरवसा ठेवून एवढ्या लांब जाऊ नये. फार गर्दी नको असेल तर स्वीडनमधलं आबिस्को आहे, डोंगरांच्या आडोशामुळे तिथलं आकाश वारंवार उघडं असतं, मात्र गाव म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रोम्सोच्या भूभौतिकी वेधशाळेचे चुंबकीय आलेख उघडले. ते सगळ्यांसाठी खुले असतात. आम्ही माना वर करून उभ्या होतो त्याच वेळी रेघ एकदम चारेकशे नॅनोटेस्लांनी खाली कोसळलेली होती.

‘आणि आपल्याकडे?’ ताईनं विचारलं.

आपल्याकडे म्हणजे अलिबाग. ‘मी काय अलिबागहून आलोय?’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो, पण पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या बाबतीत अलिबागहून आलेल्या माहितीला जगात मान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत कुलाब्याच्या वेधशाळेत या नोंदी सुरू झाल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी उपकरणं बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली ती 1904 मध्ये अलिबागला हलली. नोंदी आजतागायत चालू आहेत. त्या रात्रीची अलिबागची रेघ मी ताईला दाखवली. सपाट. किल्पिसयार्वीवर जे झालं ते स्थानिक होतं, विषुववृत्ताजवळ त्याचं काही पोचत नाही. पोचतं ते फार मोठ्या वादळात. 2 सप्टेंबर 1859 ला कुलाब्याच्या उपकरणांनी सुमारे 1,600 नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली, आणि त्या ऐतिहासिक वादळाचा जोर किती होता हे आजचे शास्त्रज्ञ ठरवतात ते या मुंबईच्या कागदावरून. 4 फेब्रुवारी 1872 च्या वादळात तर खुद्द मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. अलीकडे, मे 2024 मध्ये, लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लाल उजेड टिपला. पृथ्वीच्या गोलाईमुळे तिथून अरोऱ्याचा फक्त वरचा, लाल भाग दिसू शकतो. हिरवा क्षितिजाखालीच राहतो.

ताईनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘मग हानलेलाच गेलो असतो,’ ती म्हणाली, ‘व्हिसाचे तरी पैसे वाचले असते.’

मी म्हटलं, तिथे वर्षानुवर्षं बसावं लागेल, आणि दिसला तरी बहुधा कॅमेऱ्यालाच दिसेल. ती थोडा वेळ हिशेब करत राहिली. मग तिनं स्पॅनिश गाइडला फोन लावून आज रात्री ढग कुठे आहेत ते विचारलं.